तान्ह्या मुलांची दुखणी : काय पाहावे, काय मोजावे

पावसाळ्याच्या दिवसांत बंगळूरच्या जयनगर भागातील एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सायंकाळी डोकावून पाहावे. बाकांवर आईबाप दाटीवाटीने बसलेले असतात. कोणी कन्नड बोलतो, कोणी तमिळ, कोणी उर्दू. कोपऱ्यात एखादी आजी मांडीवरच्या नातवाला मराठीत समजावीत असते. भाषा निरनिराळ्या, परंतु गाऱ्हाणी बहुधा तीनच : ताप उतरत नाही, खोकला थांबत नाही, पोट बिघडले आहे.

डॉक्टर ही गाऱ्हाणी ऐकून घेतो. परंतु त्याची दृष्टी त्याच वेळी दुसरेच काही टिपीत असते. मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते आहे की नाही, त्याचे पोट श्वासागणिक कसे हलते आहे, ओठ ओले आहेत की कोरडे, हे तो पाहतो आणि मग विचारतो, "सकाळपासून लघवी किती वेळा झाली?" ताप किती चढला हे आईला बिनचूक सांगता येते, या प्रश्नापाशी मात्र ती अडखळते.

येथेच आपल्या विषयाचा गाभा आहे. आईबाप आणि डॉक्टर एकाच मुलाकडे पाहतात, परंतु निरनिराळ्या गोष्टी पाहतात. जे ठळकपणे कानांवर वा डोळ्यांवर आदळते, म्हणजे तापाचा आकडा, खोकल्याचा आवाज, जुलाबांची संख्या, त्याची आईबापांना धास्ती वाटते. धोक्याची खरी चिन्हे मात्र पुष्कळदा निमूट असतात. ती ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. शांतपणे पाहणे आणि मोजणे एवढ्याने ती कळू शकतात. जन्मापासून सुमारे तीन वर्षे वयापर्यंतच्या मुलांच्या या तीन नेहमीच्या तक्रारींचा विचार आपण याच दृष्टीने करू.

१. ताप : आकडा आणि मूल

ताप हा स्वतः रोग नव्हे. शरीरात जंतूंचा वा विषाणूंचा शिरकाव झाला, म्हणजे रक्तातील संरक्षक पेशी काही द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने मेंदूच्या तळाशी असलेले तापमान-नियंत्रणाचे केंद्र आपली मर्यादा वर नेते आणि शरीर जाणूनबुजून तापते. वाढलेल्या तापमानात कित्येक जंतूंची वाढ मंदावते, संरक्षक पेशींचे काम वेगाने चालते. म्हणजे ताप हा बहुधा लढाईचा धूर असतो. लढाईचे कारण नव्हे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. तापाचा आकडा आणि आजाराचे गांभीर्य यांची सांगड नेहमीच बसते असे नाही. १०३ अंश फॅरनहाइट ताप असलेले दोन वर्षांचे मूल औषधाने ताप थोडा उतरताच खेळू लागले, पाणी मागू लागले, तर ते बहुधा साध्या विषाणुजन्य तापाने आजारी असते. उलट १०० अंश ताप असलेले मूल मलूल पडून राहिले, हाक मारूनही नीट पाहीना, दूध ओढीना, तर त्याचे दुखणे अधिक गंभीर समजले पाहिजे. तापमापकाने आकडा कळतो. मूल कसे आहे ते मुलाकडे पाहूनच कळते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो प्रत्येक घरात माहीत असावा. अगदी तान्ह्या बालकाची प्रतिकारशक्ती अपुरी असते. गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी त्याची बाह्य लक्षणे त्याच्यात फारशी दिसत नाहीत. म्हणून दोन महिन्यांच्या आतील बालकाच्या काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरले, तर रात्र असो वा दिवस, त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. इतक्या लहान बालकाचे अंग तापण्याऐवजी गार पडणे, म्हणजे तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे, हेही तितकेच धोक्याचे होय. तिसऱ्या महिन्यात ३८ अंश सेल्सिअस ही मर्यादा धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तापलेल्या मुलाला दुलयांत गुंडाळू नये. सुती, सैल कपडे घालावेत. बर्फाच्या वा गार पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडते आणि आतील उष्णता उलट वाढते. पॅरासिटॅमॉल द्यावयाचे तर वयावरून नव्हे, मुलाच्या वजनावरून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात द्यावे. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये; काही विषाणुजन्य आजारांत त्यामुळे यकृताला व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तसेच दात येत असताना हिरड्या सळसळतात, लाळ गळते, मूल चिडचिडे होते. परंतु जास्त ताप हा दातांमुळे येत नाही. "दात येताहेत" म्हणून ताप अंगावर काढल्याने मूळ आजाराकडे दुर्लक्ष होते.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही थोड्या मुलांना ताप चढताना झटका येतो. हे दृश्य पाहून आईबापांचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. परंतु असा झटका बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबतो आणि त्याने मेंदूवर कायमचा परिणाम सहसा होत नाही. मुलाला कुशीवर निजवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळाकडे पाहावे. तोंडात चमचा वा बोट घालू नये, पाणी पाजू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने काहीही साधत नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, किंवा पुन्हा आला, तर तात्काळ रुग्णालय गाठावे. पहिलाच झटका असेल, तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी तपासून घ्यावे.

२. खोकला : आवाज नव्हे, श्वास

लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दीखोकला होणे ही सामान्य गोष्ट आहे. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला तो याहूनही अधिक वेळा होतो. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते. तीवर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. खोकला हा श्वासनलिका साफ ठेवण्याचा निसर्गाचा उपाय आहे. त्याचा आवाज घर जागे ठेवतो खरा, परंतु आवाजावरून फुप्फुसांची स्थिती कळत नाही. ती कळते श्वासाच्या गतीवरून.

न्यूमोनियात फुप्फुसांतील वायुकोश द्रवाने व पेशींनी भरतात. फुप्फुस ताठर होते, खोल श्वास घेणे कष्टाचे जाते. मग प्राणवायूची गरज भागविण्यासाठी शरीर लहान लहान, परंतु भराभर श्वास घेऊ लागते. ही साधी गोष्ट निदानाचे साधन होऊ शकते, हे पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणारे डॉक्टर फ्रँक शान व त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली दाखवून दिले. क्षकिरण यंत्र आणि स्टेथॉस्कोप यांवाचूनही, खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजून न्यूमोनियाचा अंदाज बांधता येतो.

या ज्ञानाची कसोटी महाराष्ट्रात लागली, ती गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. खेड्यांत डॉक्टर नव्हता. पोटाला खळी पडून धापणाऱ्या बाळाला 'डबा' झाला असे लोक म्हणत आणि पुष्कळदा ते बाळ दगावे. या संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना आणि सुइणींना श्वास मोजण्यास व ठरावीक प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्या गावांत हा उपक्रम चालला, तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा जवळजवळ निम्म्यावर होते.

सुइणींपुढे एक अडचण होती. त्यांतील कित्येकींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक साधे उपकरण तयार केले. त्यात मण्यांच्या ओळी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्यापर्यंत पोहोचल्यास न्यूमोनिया समजावयाचा. ज्या बाईला अक्षर वा अंक येत नाही, तीही अशा रीतीने निदान करू शकली.

कोणी म्हणेल, जयनगरात याचे काय प्रयोजन? येथे चौथ्या टी ब्लॉकमध्ये सरकारी रुग्णालय आहे, लगतच इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत. खरे आहे. परंतु रात्री दोन वाजता, तिसऱ्या मजल्यावरील खोलीत खोकणाऱ्या बाळाजवळ बसलेली आई त्या घटकेला गडचिरोलीच्या सुइणीइतकीच एकटी असते. सकाळपर्यंत थांबावे की आताच निघावे, हा निर्णय तिलाच करावयाचा असतो. तेव्हा तिच्या हाती एक मिनिट आणि एक मोजमाप असले, तर धास्तीची जागा विचार घेऊ शकतो.

मोजण्याची रीत अशी : मूल झोपलेले वा शांत असताना त्याचा सदरा वर सारावा. पोट व छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे; अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजू नयेत. पुढील मर्यादा ध्यानात ठेवाव्यात :

दोन महिन्यांच्या आत : मिनिटाला ६० किंवा अधिक.
दोन महिने ते एक वर्ष : मिनिटाला ५० किंवा अधिक.
एक ते पाच वर्षे : मिनिटाला ४० किंवा अधिक.

गती या मर्यादेला पोहोचली, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, श्वासाबरोबर कण्हण्याचा वा घरघरीचा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा काहीही असो, थांबू नये. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस आता राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दिली जाते. ती चुकवू नये.

खोकल्याच्या औषधाविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेले खोकल्याचे औषध घेतल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावली. त्यांपैकी कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आतील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. औषध शुद्ध असले तरी या वयात त्याचा लाभ अत्यल्प असतो. कोमट पेय, नाक मोकळे ठेवण्यासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब आणि विश्रांती एवढे पुरते. वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये. त्यातील सुप्त जंतुबीजांपासून घातक विषबाधा होऊ शकते.

३. जुलाब : संख्या नव्हे, पाणी

केवळ अंगावर पिणारे तान्हे मूल दिवसातून सात-आठ वेळा पातळसर, पिवळी शी करील, तरी दूध नीट पिणाऱ्या आणि वजन वाढणाऱ्या बालकाच्या बाबतीत ते रोगलक्षण नव्हे. शी नेहमीपेक्षा एकाएकी पाण्यासारखी व वारंवार होऊ लागली, म्हणजे जुलाब म्हणावेत. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा पोटातील जंतूमुळे नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून शी किती वेळा झाली यापेक्षा, गेलेले पाणी परत आत गेले किंवा नाही, हा मुख्य प्रश्न होय.

जुलाब होत असताना पाजलेले साधे पाणी पुरेसे शोषले जात नाही. परंतु आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना त्याबरोबर मिठातील सोडियमही ओढून घेतात आणि पाठोपाठ पाणी आत जाते. ही जोडीची वाहतूक रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये सुचविली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेवाटे द्यावयाचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्यास आरंभ केला. सुमारे शंभरात तीस असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले.

आज हीच भुकटी 'ओआरएस' या नावाने पुडीत मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण पुडी विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकणे चुकीचे आहे. क्षार जास्त झाल्यास अपाय होतो. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचा मऊ आहार चालू ठेवावा. जुलाब लागले म्हणून मुलाला उपाशी ठेवणे हा जुना व घातक समज आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस जस्ताचे औषध दिल्यास जुलाब लवकर आटोक्यात येतात.

दुकानात ओआरएसच्या नावाखाली साखरेची गोड पेयेही विकली जात. त्यांत साखर जास्त व क्षार कमी असल्याने जुलाब उलट वाढू शकतो. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेले ओआरएस पाहूनच घ्यावे.

लहान मुलांच्या तीव्र जुलाबाचे एक प्रमुख कारण म्हणजे चाकासारखा दिसणारा रोटा विषाणू. १९७३ साली ऑस्ट्रेलियात रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. या विषाणूच्या कथेत बंगळूरलाही स्थान आहे. काही नवजात बालकांना या विषाणूची बाधा होऊनही जुलाब होत नाहीत, असे आढळले होते. अशा बालकांकडून दिल्लीत एक आणि बंगळूरात भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दुसरा, असे दोन सौम्य विषाणू मिळविले. दोहोंपासून लस बनविता येईल काय, याची परीक्षा झाली. त्यांत दिल्लीचा विषाणू अधिक प्रभावी ठरला आणि त्यापासून सिद्ध झालेली लस २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. रोटा विषाणूवरील लस आज सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे दिली जाते.

पाणी कमी पडल्याची चिन्हे अशी : सहा ते आठ तास लघवी न होणे, तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडली असता सावकाश पूर्ववत् होणे, आणि तान्ह्या मुलाची टाळू आत गेलेली दिसणे.

४. आजीचे निरीक्षण

टाळूचा उल्लेख आला, त्यावरून आणखी एक विचार मांडणे योग्य होईल. टाळू आत गेली की बाळाचे काही खरे नाही, हे आपल्या आज्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांचे निरीक्षण अचूक होते. चूक झाली ती कार्यकारणभावात : टाळू खाली गेल्याने मूल आजारी पडले, असे समजून ती वर आणण्यासाठी तेल भरणे, तोंडात बोट घालून दाबणे असे उपाय होऊ लागले. वस्तुतः शरीरातील पाणी आटल्याने टाळू आत जाते. पाणी परत मिळताच ती आपोआप पूर्ववत् होते. तेव्हा आजीची दृष्टी ठेवावी, उपाय बदलावा.

हाच विवेक इतरत्रही लागू करता येईल. सहाणेवर उगाळलेली गुटी सहा महिन्यांच्या आत देऊ नये. या वयात आईच्या दुधाखेरीज पाण्याचीही गरज नसते, आणि सहाण, हात वा पाणी अस्वच्छ असल्यास गुटीतूनच जुलाबाचे जंतू पोटात जातात. ओव्याची वा वावडिंगाची धुरी बाळाच्या नाजूक श्वासनलिकांना अपायकारक असते. कानात व नाकात तेल घालू नये. मात्र अंगाला हलक्या हाताने केलेले मर्दन, बाळाला उराशी धरणे, अंगाईच्या सुरात निजविणे, यांत अपाय काही नाही. बाळाला त्यांपासून सुखच मिळते.

५. केव्हा थांबू नये

पुढीलपैकी एकही चिन्ह दिसल्यास घरगुती उपाय सोडून तत्काळ रुग्णालयात जावे. कर्नाटकात व महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

(१) मूल दूध ओढू वा पाणी पिऊ शकत नाही.
(२) पोटात गेलेले सर्व काही उलटून पडते.
(३) झटका आला आहे व थांबत नाही, वा पुन्हा आला.
(४) मूल अतिशय मलूल आहे, जागे करूनही जागे होत नाही.
(५) बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, वा ओठ निळसर झाले आहेत.
(६) शीतून रक्त पडते, वा पाणी आटल्याची चिन्हे दिसतात.
(७) अंगावर दाबूनही न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके उठले आहेत.
(८) दोन महिन्यांच्या आतील बालकाला ताप आहे वा त्याचे अंग गार पडले आहे.

उपसंहार

काळजी हा मायेचा स्वभावच आहे. तिला कोणतेही शास्त्र घालवू शकणार नाही, आणि घालवूही नये. परंतु नुसती काळजी मुलाच्या उशाशी बसून राहते. तिला पाहण्याची व मोजण्याची जोड मिळाली, म्हणजे ती मुलाच्या उपयोगी पडते. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी "लघवी किती वेळा झाली? श्वास मोजला होता का?" असे विचारल्यावर आईला चटकन उत्तर देता आले, तर निदान लवकर होईल आणि अनावश्यक औषध टळेल. एखादे वेळी त्या उत्तरावरच मुलाचा जीव वाचेल.

अभ्यासासाठी

१. आपल्या घरातील वा शेजारच्या निरोगी बालकाचे, ते झोपलेले असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. असे तीन निरनिराळ्या दिवशी करून आकडे वहीत लिहा. आकड्यांत फरक का पडतो, याचा विचार करा.

२. जुलाब होत असता नुसत्या पाण्यापेक्षा मीठ व ग्लुकोज यांचे पाणी अधिक उपयोगी का पडते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. आपल्या आजीला लहान मुलांच्या दुखण्यांची कोणती चिन्हे माहीत आहेत, ते विचारून घ्या. त्यांतील निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते, हे वेगवेगळे करून दाखवा.